छेदातली करणी वर आणायची ती कशासाठी?



मराठीचा तास संपला की नववीची दोन-चार मुले गणिताची वही घेऊन मागे थांबतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "आमचे उत्तर १/√२ आले, पुस्तकात मागे √२/२ दिले आहे. मग आमचे चुकले का?"

चुकलेले नाही. दोन्ही एकाच संख्येची रूपे आहेत. पण मग पुस्तक दुसरेच रूप का मागते? परीक्षेत पहिल्या रूपाला अर्धाच गुण का मिळतो? "तशी पद्धतच आहे" असे सांगून मुलांना गप्प बसवता येते, पण आम्हाला ते उत्तर पसंत नाही. छेदातली करणी वर आणण्यामागे चांगली कारणे आहेत, आणि ती एकदा कळली की उदाहरणे पाठ करावी लागत नाहीत. म्हणून ह्या अंकात गोष्टीऐवजी गणित. मराठीच्या वर्गात गणित कशाला, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर पुढे मिळेल.

आधी पालकांसाठी दोन शब्द. आपल्यापैकी कित्येकजण मराठी शाळेत शिकले. मूल घरी येऊन "रॅशनलाइझ द डिनॉमिनेटर" म्हणते तेव्हा आई-बाबांना वाटते, हे काहीतरी नवीनच आहे. नवीन काही नाही. हे आपले "छेदाचे परिमेयीकरण". न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, रॅशनल म्हणजे परिमेय, इर्रॅशनल म्हणजे अपरिमेय, कॉन्ज्युगेट म्हणजे अनुबद्ध आणि सर्ड म्हणजे करणी. एवढी सहा नावे जुळली की तुम्हाला आठवणारे सारे बीजगणित मुलाच्या उपयोगी पडते. उलट मुलांनाही ही नावे ठाऊक असू द्या, कारण आजोबा फोनवर शिकवतील ते ह्याच शब्दांत.

आता हा "करणी" शब्द. आजीसमोर तो उच्चारला तर ती दचकेल. तिच्या लेखी करणी म्हणजे कोणी केलेला जादूटोणा! गवंडी सिमेंट लावायला वापरतो ती थापीही करणीच. गणितातली करणी मात्र फार जुनी आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी कशा आखायच्या ते सांगितले आहे. आखणी दोरीने व्हायची. एका चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल, तर त्याच्या बाजूएवढ्या दोरीला "द्विकरणी" म्हणत, तिप्पट हवा असेल तर "त्रिकरणी". म्हणजे आजच्या भाषेत √२ आणि √३. करणी म्हणजे चौरस "करणारी" बाजू. शब्दातच अर्थ आहे.

इंग्रजी "सर्ड" ह्या शब्दाची गोष्ट कतारमध्ये राहणाऱ्या मुलांना जास्त गमतीची वाटेल. जी मुले शाळेत अरबी शिकतात त्यांना "जिध्र" म्हणजे झाडाचे मूळ हे माहीत असेल. वर्गमुळालाही अरबीत तोच शब्द आहे, जसे आपण "मूळ" म्हणतो. जे मूळ पूर्णांकात किंवा अपूर्णांकात सांगता येत नाही त्याला अरब गणितज्ञ "असम्म" म्हणत. असम्म म्हणजे बहिरा. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा त्या शब्दासाठी बहिऱ्याचा लॅटिन शब्द "सर्दुस" घेतला गेला, आणि त्यातून "सर्ड" आला. तेव्हा शाळेत तुम्ही जी बहिरी संख्या सोडवता, ती अरबीतून युरोपात जाऊन परत आलेली आहे. आपली करणी मात्र बहिरी नाही, ती कामकरी आहे.

करणी म्हणजे काय हे नेमके सांगू. √९ ही करणी नव्हे, कारण ते सरळ ३ आहे. √२ ही करणी, कारण ज्याचा वर्ग बरोबर २ होईल असा पूर्णांकही नाही आणि अपूर्णांकही नाही. १.४ चा वर्ग १.९६, १.४१ चा वर्ग १.९८८१, १.४१४ चा वर्ग १.९९९३९६. कितीही पुढे जा, थोडे उरतेच. म्हणून "√२" असे नाव ठेवून आपण पुढे चालतो. नाव ठेवले म्हणजे टाळाटाळ केली असे नाही. १.४१४ हे √२ नव्हे, √२ हेच √२.

करणी सोपी करणे

परिमेयीकरणाच्या आधी एक पायरी आहे. √७२ पाहा. ७२ मध्ये कोणता वर्ग लपला आहे? ३६. कारण ७२ = ३६ × २. म्हणून

√७२ = √३६ × √२ = ६√२

कोणी ९ × ८ असे फोडले तर ३√८ मिळेल. तेही खरे आहे, पण ८ मध्ये अजून ४ लपलेला आहे, म्हणून ३ × २√२ = ६√२. वाट लांबली, मुक्काम तोच. आत एकही वर्ग उरला नाही की थांबावे.

सोपे रूप कशासाठी? सजातीय करण्या ओळखण्यासाठी. √५० आणि √१८ वरून पाहिले तर परके वाटतात. सोपे केले की ५√२ आणि ३√२. पाच आंबे आणि तीन आंबे मिळून आठ आंबे, तसे

√५० + √१८ = ५√२ + ३√२ = ८√२

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ५० आणि १८ ची बेरीज करून √६८ लिहिणे. ते चूक आहे हे ताडून पाहायला लहान संख्या घ्या. √९ + √१६ म्हणजे ३ + ४ = ७. पण √२५ म्हणजे ५. कुठे ७, कुठे ५!

तरी √६८ लिहिणाऱ्या मुलाला आम्ही रागावत नाही, कारण त्याने निम्मे काम केलेले असते. हे भास्कराचार्यांच्या पद्धतीवरून दिसते. त्यांच्या "बीजगणित" ग्रंथात करणींच्या बेरीज-वजाबाकीचा जो नियम आहे तो असा. दोन्ही संख्यांची बेरीज करा, तिला "महती" म्हणा. दोन्ही संख्यांचा गुणाकार करून त्याचे मूळ काढा आणि दुप्पट करा, त्याला "लघु" म्हणा. महती अधिक लघु ही बेरजेची करणी, महती उणे लघु ही वजाबाकीची. आपल्या उदाहरणात महती ५० + १८ = ६८. गुणाकार ९००, त्याचे मूळ ३०, दुप्पट ६०, हा लघु. ६८ + ६० = १२८, म्हणून बेरीज √१२८, म्हणजे ८√२. ६८ − ६० = ८, म्हणून वजाबाकी √८, म्हणजे २√२. दोन्ही बरोबर! √६८ वर थांबणारा मुलगा महती काढतो आणि लघु विसरतो, एवढेच. हा लघु येतो कुठून? (अ + ब)² = अ² + २अब + ब² मधले ते मधले पद. आठवीत "मधले पद विसरू नका" असे शंभरदा सांगितलेले असते, ते हेच.

त्यांनीच दिलेली उदाहरणे आहेत २ आणि ८ ची, ३ आणि २७ ची, आणि मग ३ आणि ७ ची. शेवटच्या जोडीत २१ चे मूळ पूर्ण सुटत नाही. म्हणजे ह्या दोघांची बेरीज होत नाही, त्या शेजारी शेजारीच ठेवायच्या. आंबे आणि फणस एकत्र मोजता येत नाहीत तसे. तेव्हा मुळाचे चिन्ह नव्हते. ते युरोपात १५२५ साली छापले गेले. भास्कराचार्यांच्या परंपरेत करणीतला पहिला "क" संख्येआधी लिहीत. "क ३ क ७" म्हणजे आपले √३ + √७. मराठी अक्षराने लिहिलेले बीजगणित! आपल्या वर्गातल्या पहिलीच्या मुलांनी कालच "क" गिरवला.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा, आणि बीजगणित त्याचाच एक भाग समजतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ काढला, त्या मठाला १२०७ साली दिलेल्या देणग्यांची नोंद ह्या लेखात आहे. लेख संस्कृतात, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. सुट्टीत गावी जाताना चाळीसगाव स्टेशन लागले तर मुलांना हे सांगा.

छेदात एकच करणी असेल तर

आता मुख्य प्रश्न. १/√२ चे √२/२ कसे झाले? अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. १/२ आणि ३/६ एकच. इथे दोघांना √२ ने गुणू:

१/√२ = (१ × √२)/(√२ × √२) = √२/२

छेदात २ आला, म्हणजे परिमेय संख्या आली. म्हणून हे परिमेयीकरण, आणि ज्याने गुणले तो √२ हा परिमेयीकरण गुणक.

पहिले कारण भागाकाराचे. गणकयंत्र नसताना १/√२ ची किंमत काढायची म्हणजे १ ला १.४१४२१३६ ने भागायचे. कागदावर करून पाहा. पाच मिनिटांत वैतागाल. √२/२ मध्ये मात्र १.४१४२१३६ चे निम्मे करायचे: ०.७०७१०६८. तोंडी झाले. भागायचे ते साध्या संख्येने आणि लांबलचक संख्या वर, ही युक्ती आहे. पाटी-पेन्सिलीवर हिशेब करणाऱ्यांना तिची किंमत आपल्यापेक्षा जास्त होती.

गणकयंत्र आल्यावर हे कारण संपले असे म्हणणाऱ्यांनी दुसरे कारण पाहावे. दोन मुलांची उत्तरे तीच आहेत की नाहीत हे ठरवायचे कसे? एकाचे ६/√१२, दुसऱ्याचे ३/√३, तिसऱ्याचे √३. तिन्ही एकच आहेत, पण दिसत नाही. सगळ्यांनी छेद परिमेय केला आणि करणी सोपी केली की तिघांच्याही वहीत √३ येते. पुस्तकाच्या मागच्या उत्तरांना एकच वेष लागतो, तो हा.

हे √२ आणि √२/२ तुमच्या रोज हातात असते. हा अंक ज्या यंत्रावर काढतो त्यावर दोन ठरावीक बटणे आहेत: १४१ टक्के आणि ७१ टक्के. आम्ही मजकूर मोठ्या ए-३ कागदावर लिहितो आणि ७१ टक्क्यांवर लहान करून ए-४ वर काढतो. हे आकडे आले कुठून?

ए-४ कागद मधोमध दुमडला की अर्ध्या तुकड्याचा आकार तसाच राहतो, फक्त लहान होतो. कागदाची रुंदी १ आणि लांबी अ धरा. दुमडल्यावर लांब बाजू १ आणि आखूड बाजू अ/२. आकार तोच हवा, म्हणून

अ/१ = १/(अ/२) = २/अ, म्हणजे अ² = २, म्हणजे अ = √२

ए-४ चा ए-३ करायचा तर प्रत्येक बाजू √२ पट, म्हणजे १४१ टक्के. उलट यायचे तर १/√२ पट, म्हणजेच √२/२, म्हणजे १४१ च्या निम्मे, ७१ च्या जवळ. मुलांनो, पुढच्या वेळी बटण पाहाल तेव्हा परिमेयीकरण दिसेल. अजून एक पाहा. ७१ टक्क्यांवर लहान करून पुन्हा १४१ टक्क्यांवर मोठे केले तर मूळ पान बरोबर मिळते का? ०.७१ × १.४१ = १.००११. थोडे वाढले. पण (√२/२) × √२ = १, अगदी बरोबर. करणी तशीच ठेवली की सांडत नाही, दशांशात ओतली की थोडी सांडते.

छेदात दोन पदे असतील तर

छेदात √३ + √२ असेल तर? पुष्कळ मुले तोच √३ + √२ घेऊन गुणतात. पाहा काय होते: (√३ + √२)² = ३ + २√६ + २ = ५ + २√६. करणी गेली नाहीच, नवीन आली. ते मधले पद पुन्हा आडवे आले. ते घालवायचे तर चिन्ह बदला:

(√३ + √२)(√३ − √२) = ३ − २ = १

(अ + ब)(अ − ब) = अ² − ब². दोन्ही वर्ग होतात आणि मधली पदे एकमेकांना खाऊन टाकतात. अशा जोडीला अनुबद्ध जोडी म्हणतात. म्हणून

१/(√३ + √२) = (√३ − √२)/१ = √३ − √२

छेदच उरला नाही! इथे १/√३ + १/√२ असे तुकडे करण्याचा मोह आवरा. किंमत काढून पाहिली तर √३ − √२ सुमारे ०.३१८ आणि ते तुकडे मिळून सुमारे १.२८४. छेदातली बेरीज कधीही तोडता येत नाही.

आणखी एक: ४/(√७ − √३). अनुबद्ध √७ + √३. छेद ७ − ३ = ४. वरचे ४ आणि खालचे ४ गेले, उत्तर √७ + √३. आणि ६/(३ − √३)? अनुबद्ध ३ + √३, छेद ९ − ३ = ६, उत्तर ३ + √३. नेहमी इतके गोंडस निघत नाही, पण पद्धत तीच.

आता तिसरे कारण, आणि आमच्या मते हेच सगळ्यांत वजनदार आहे. गणकयंत्र हाती असूनही ते लागू पडते. १/(√१० − ३) काढायचे आहे. √१० ची किंमत दोन दशांशांपर्यंत ३.१६. मग ३.१६ − ३ = ०.१६ आणि १/०.१६ = ६.२५. ठीक दिसते. आता परिमेयीकरण करा. अनुबद्ध √१० + ३, छेद १० − ९ = १, उत्तर √१० + ३, म्हणजे ६.१६. खरे उत्तर ६.१६२ च्या जवळ आहे. तेच ३.१६ दोन्हीकडे वापरले, तरी एका वाटेने ६.२५ आणि दुसऱ्या वाटेने ६.१६!

असे का झाले? ३.१६ मध्ये तीन आकडे खरे होते. त्यातून ३ वजा केल्यावर उरले ०.१६, म्हणजे खऱ्या आकड्यांपैकी एक गेला, आणि उरलेली बारीकशी चूक छेदात बसून मोठी झाली. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी छेदात असणे हे धोक्याचे. परिमेयीकरणाने त्या वजाबाकीची बेरीज होते, आणि बेरजेत चूक वाढत नाही. संगणकावर हिशेब लिहिणारे लोकही ह्याच कारणाने सूत्राचे रूप आधी बदलून घेतात. यंत्र फक्त भराभर करते, कोणत्या रूपात करायचे ते माणसानेच सांगावे लागते.

एक फरशी कापून पाहू

दोह्यातल्या इस्लामिक कला संग्रहालयात आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. आय. एम. पेई यांनी आखलेली ही इमारत २००८ साली उघडली. तिच्यात चौरस आणि अष्टकोन यांचा खेळ आहे, आणि आतल्या जुन्या वस्तूंवरही आठ टोकांचे तारे भेटतात. तर एका चौरस फरशीचे चार कोपरे कापून नियमित अष्टकोन करायचा आहे. फरशीची बाजू १ मीटर. अष्टकोनाची बाजू किती येईल?

ती बाजू ब धरा. कापलेला कोपरा हा काटकोन त्रिकोण, त्याचा कर्ण ब, आणि दोन्ही लहान बाजू सारख्या. पायथागोरसने प्रत्येक लहान बाजू ब/√२. फरशीच्या एका कडेवर एक लहान बाजू, मग अष्टकोनाची बाजू, मग पुन्हा लहान बाजू. बेरीज १ मीटर:

ब + २ब/√२ = १

२/√२ म्हणजे √२ (करून पाहा), म्हणून ब(१ + √२) = १ आणि ब = १/(१ + √२). अनुबद्ध √२ − १ ने गुणा. छेद २ − १ = १. उत्तर ब = √२ − १, म्हणजे सुमारे ४१.४ सेंटिमीटर. फरशी ६० सेंटिमीटरची असेल तर ६० × ०.४१४२, म्हणजे सुमारे २४.८५ सेंटिमीटर, आणि प्रत्येक कोपऱ्यातून सुमारे १७.५७ सेंटिमीटर कापायचे. दिवाळीच्या रांगोळीला हे माप पुठ्ठ्यावर कापून वापरता येईल. मोठ्या मुलींनी आणि मुलांनी मिळून करावे.

तीन पदे छेदात आली तर शाळेत बहुधा विचारत नाहीत, पण भास्कराचार्यांनी तोही रस्ता सांगून ठेवला आहे. छेदातल्या हव्या त्या एका करणीचे चिन्ह बदला, त्याने वर-खाली गुणा, आणि छेदात एकच करणी उरेपर्यंत असे पुन्हा पुन्हा करा. त्यांच्याही आधी ६२८ साली ब्रह्मगुप्तांनी हीच युक्ती दिली होती. १/(१ + √२ + √३) घ्या. √३ चे चिन्ह बदलू. छेद होतो (१ + √२)² − ३ = ३ + २√२ − ३ = २√२. तिनाला तीन गेले! आता एकच करणी राहिली:

(१ + √२ − √३)/(२√२) = (√२ + २ − √६)/४

किंमत काढून पाहा, सुमारे ०.२४१. आणि १ ला ४.१४६ ने भागले तरी तेच. वडीलधाऱ्यांना वाटते की अनुबद्ध वगैरे सगळे इंग्रजी पुस्तकांतून आले. नाव कुठलेही असो, काम इथले जुने आहे. मराठीच्या वर्गात हे सांगण्याचे कारण तेच.

जाता जाता पुन्हा तो ए-४ कागद. पट्टीने मोजा: २९७ मिलिमीटर लांब, २१० रुंद. २९७/२१० म्हणजे ९९/७०. हे √२ किती जवळून आहे? ९९ चा वर्ग ९८०१. ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. एकाचाच फरक! आता परिमेयीकरण उलटे चालवू:

(९९ − ७०√२)(९९ + ७०√२) = ९८०१ − ९८०० = १

म्हणून ९९ − ७०√२ = १/(९९ + ७०√२), म्हणजे जवळजवळ १/१९८. दोन्हीकडे ७० ने भागले की ९९/७० आणि √२ यांतला फरक सुमारे १/१३८६०. रुंदी २१० मिलिमीटर, म्हणून कागदाच्या लांबीत चूक २१०/१३८६०, म्हणजे एका मिलिमीटरचा सहासष्टावा भाग. कागदाच्या कारखान्याला एवढे चालते.

शुल्बसूत्रांतले द्विकरणीचे माप ह्याहूनही नेमके आहे: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). बेरीज केली की ५७७/४०८. ह्याही जोडीत ५७७ चा वर्ग आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट यांत किती फरक आहे, ते गुणाकार करून तुम्हीच शोधा. वेदी आखणाऱ्याची चूक किती होती ते वरच्याच रीतीने काढता येईल.

सरावासाठी, इयत्ता आठवी ते दहावी. लहान भावंडांनी पहिले उदाहरण मोठ्यांच्या मदतीने करावे.

(१) √९८ आणि √२०० सोपे करा, मग त्यांची बेरीज करा. तीच बेरीज महती-लघु रीतीने ताडून पाहा.
(२) १०/√५ चा छेद परिमेय करा.
(३) १/(√५ − २) ची किंमत √५ = २.२४ धरून दोन्ही वाटांनी काढा. कोणती वाट चुकते, किती?
(४) २/(√११ + ३) चा छेद परिमेय करा.
(५) ५७७/४०८ चा फरक वर सांगितल्याप्रमाणे काढा.

पालकांनी उत्तरे सांगू नयेत, पण "छेदाचे परिमेयीकरण कर बघू" असे मराठीत जरूर म्हणावे. वह्या येत्या शुक्रवारी तासाच्या आधी दाराजवळच्या टेबलावर ठेवाव्यात. पाचवे उदाहरण ज्यांचे सुटेल त्यांची रीत पुढच्या अंकात छापू.